लंडन ते पॅरिस, एका दिवसाची सहल : युरोस्टारचे तिकीट कधी काढावे?

जून २०२५ मध्ये आम्ही पाच जण लंडनहून युरोस्टारने, म्हणजे समुद्राखालच्या बोगद्यातून फ्रान्सला जाणाऱ्या जलद रेल्वेने, सकाळी पॅरिसला गेलो आणि त्याच रात्री घरी परतलो. मी, माझे यजमान, सात वर्षांची मुलगी आणि दोन महिन्यांसाठी कोल्हापूरहून आमच्याकडे आलेले माझे आई-बाबा, असा आमचा गट होता. गाडी उत्तम आहे आणि सत्तरीच्या आसपासच्या माणसांना घेऊन विमानतळावर हेलपाटे घालण्यापेक्षा हा प्रवास कितीतरी सुखाचा आहे, हे आधीच सांगून टाकते. मात्र या सहलीत सर्वांत जास्त विचार कशाचा करावा लागला असेल, तर तो तिकीट कोणत्या दिवशी काढायचे याचा. म्हणून हा अभिप्राय मुख्यतः त्याविषयी आहे.

बाबांचे मत सरळ होते. आरक्षण ज्या दिवशी उघडेल त्या दिवशी तिकीट काढून मोकळे व्हावे. महालक्ष्मी एक्स्प्रेसने मुंबईला ये-जा करण्यात त्यांची हयात गेली, आणि गणपतीच्या किंवा दिवाळीच्या दिवसांत आरक्षण उघडल्यावर काही मिनिटांत ‘वेटिंग’ सुरू होते हे आपल्यापैकी कोणाला वेगळे सांगायला नको. भारतीय रेल्वेत ही मुदत पूर्वी १२० दिवसांची होती, ती १ नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवसांवर आली. पण मुदत कोणतीही असो, आपल्या नेहमीच्या मेल-एक्स्प्रेस गाड्यांचे भाडे ठरलेले असते, त्यामुळे पहिल्या दिवशी काढले काय किंवा विसाव्या दिवशी काढले काय, जागा मिळाली तर पैसे तेवढेच पडतात, आणि अगदीच राहून गेले तर आदल्या दिवशी तत्काळचा आधार असतो. युरोस्टारचे गणित याच्या बरोबर उलट आहे. येथे प्रतीक्षायादी नाही आणि तत्काळचा कोटाही नाही. जागा बहुधा शेवटपर्यंत मिळते, पण तिची किंमत बदलत राहते.

प्रत्येक गाडीत स्वस्त भाड्याच्या काही जागा असतात, त्या संपल्या की पुढच्या चढ्या भाड्याच्या जागा विक्रीला येतात, आणि गाडी जसजशी भरत जाते तसतसे भाडे वर जाते. जाहिरातीत दिसणारे ३९ पौंडांचे एकेरी भाडे खोटे नसते, पण ते आठवड्याच्या मधल्या एखाद्या दिवशी, गैरसोयीच्या वेळेच्या गाडीला आणि बरेच आधी पाहिले तरच सापडते. त्याच मार्गावर, त्याच प्रकारच्या आसनासाठी, ऐन वेळी एका बाजूचे २०० पौंडांहून अधिक मोजावे लागू शकतात. जाण्याचे आणि येण्याचे भाडे स्वतंत्रपणे ठरते, म्हणून दोन्ही तिकिटे एकत्र काढल्याने वेगळी सवलत मिळत नाही, आणि दोन्हींचा विचार वेगवेगळा करता येतो. ४ ते ११ वर्षांच्या मुलांना कमी भाडे आहे. ब्रिटनमधील रेल्वे सवलत कार्डे या गाडीला चालत नाहीत, हेही लक्षात ठेवावे. आमच्या ओळखीच्या दोन कुटुंबांनी त्या भरवशावर हिशेब मांडला होता.

मी सुमारे तीन आठवडे रोज रात्री भाडी पाहत होते. एकाच गाडीचे भाडे कालच्यापेक्षा आज किती वाढले यापेक्षा बुधवारच्या आणि शनिवारच्या भाड्यांतील तफावत फार मोठी आहे, हे त्यातून माझ्या ध्यानात आले. आम्ही पाहिलेल्या आठवड्यांत ती जवळजवळ दुपटीची होती. म्हणजे ‘किती आधी काढू’ या प्रश्नाआधी ‘कोणत्या वारी जाऊ’ हा प्रश्न सोडवावा लागतो, आणि ज्यांना आठवड्याच्या मध्ये एक दिवस रजा टाकता येते त्यांचे खरे पैसे तेथेच वाचतात.

परंतु आपल्यासारख्यांसाठी या दोन्ही प्रश्नांच्या आधी व्हिसा येतो. आमच्या घरात एकाच सहलीसाठी तीन प्रकारची कागदपत्रे होती. यजमान आणि मुलगी यांच्याकडे ब्रिटिश पासपोर्ट असल्यामुळे त्यांना व्हिसा लागत नाही. मात्र तो पासपोर्ट फ्रान्समध्ये प्रवेशाच्या दिवशी दहा वर्षांपेक्षा जुना नसावा आणि परतीच्या दिवसानंतर त्याची किमान तीन महिने मुदत शिल्लक असावी लागते. माझा पासपोर्ट भारतीय आहे, त्यामुळे ब्रिटनमध्ये वास्तव्याचा हक्क असूनही मला शेंगेन व्हिसा, म्हणजे फ्रान्ससह युरोपातील बऱ्याच देशांचा सामायिक व्हिसा, लागतो. आई-बाबा तर येथे पाहुणे. शेंगेन व्हिसाचा अर्ज सर्वसाधारणपणे आपण जेथे कायदेशीरपणे राहतो त्या देशातून करायचा असल्यामुळे त्यांचा अर्ज मुंबईतूनच झाला पाहिजे होता, आणि तो त्यांनी भारत सोडण्यापूर्वी केला. ‘लंडनला पोहोचल्यावर बघू’ असे म्हणून निघालेल्या पालकांना पॅरिसचा नाद सोडावा लागतो, हे मी आमच्या ओळखीतच पाहिले आहे. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि प्रवासाच्या १५ दिवस आधीपर्यंत तो दाखल व्हावा लागतो; निर्णयाला साधारण १५ दिवस लागतात, पण ही मुदत ४५ दिवसांपर्यंत जाऊ शकते. जून २०२४ पासून प्रौढांसाठी शुल्क ९० युरो आहे. शिवाय परत लंडनला यायचे आहे, म्हणून पाहुण्यांचा ब्रिटनचा व्हिसा एकाहून अधिक प्रवेशांचा आहे ना, हे त्यावर स्वतःच्या डोळ्यांनी वाचून घ्यावे.

हे मी इतक्या आग्रहाने लिहिते त्याला कारण आहे. त्याच्या आदल्या वर्षी मी माझा व्हिसा हातात येण्यापूर्वीच तिकिटे काढली होती, आणि तीही थेट रेल्वे कंपनीकडून न काढता, तिकिटे विकणाऱ्या एका तिसऱ्याच संकेतस्थळावरून काढली होती, कारण तेथे दोन पौंड कमी दिसले. व्हिसा वेळेत आला नाही. तारीख बदलायला गेले तेव्हा कळले की तिकीट ज्याने विकले त्याच्याकडूनच बदल करावा लागतो. त्या संकेतस्थळाने स्वतःचे सेवाशुल्क वेगळे लावले, दूरध्वनीवर कोणी भेटले नाही, आणि पत्राला उत्तर आले तोवर गाडी निघून गेली होती. आमचे दोघांचे मिळून जवळपास सगळे पैसे गेले. तेव्हापासून मी दोन गोष्टी पाळते. तिकीट कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच काढायचे आणि ज्या गोष्टी आपल्या हातात नाहीत त्या पक्क्या होईपर्यंत स्वस्त भाड्याच्या मोहात पडायचे नाही.

ज्यांना व्हिसाच्या अर्जासोबतच प्रवासाचे आरक्षण जोडावे लागणार आहे त्यांची अडचण मी समजू शकते. व्हिसाला तिकीट हवे आणि तिकिटाला व्हिसा. अशांनी आपल्या तिकिटाच्या अटी आधी वाचाव्यात. आम्ही काढलेल्या साध्या वर्गाच्या तिकिटाची तारीख आणि वेळ गाडी सुटण्याच्या एक तास आधीपर्यंत वेगळे शुल्क न देता बदलता येत होती, फक्त नव्या गाडीचे भाडे जास्त असेल तर वरचा फरक भरायचा होता. तिकीट रद्द करून पैसे परत घ्यायचे असतील तर मात्र प्रवासाच्या सात दिवस आधीपर्यंत, माणशी एका फेरीमागे २५ पौंड कापून ते मिळणार होते. ३९ पौंडांच्या तिकिटातून २५ कापले की १४ उरतात. म्हणून स्वस्त तिकीट रद्द करण्यापेक्षा ते लांबच्या, कमी गर्दीच्या तारखेवर ढकलणे केव्हाही शहाणपणाचे. व्हिसाआधी तिकीट काढावेच लागले, तर तारीख बरीच पुढची आणि आठवड्याच्या मधली घ्यावी, म्हणजे ती पुढे सरकवताना फरक थोडा पडतो.

आई-बाबा एप्रिलच्या शेवटी आले, तेव्हा त्यांच्या पासपोर्टवर व्हिसा चिकटवलेला होता आणि माझाही तोवर आला होता. त्याच संध्याकाळी जेवणे झाल्यावर आम्ही टेबलावर पाचही पासपोर्ट उघडून ठेवले. तिकिटावरचे नाव पासपोर्टवरच्या नावाशी जुळावे लागते, आणि आपल्या नावांत नवऱ्याचे किंवा वडिलांचे नाव मध्ये येत असल्यामुळे नाव कोणते आणि आडनाव कोणते येथे घोटाळा होतो. आईच्या पासपोर्टवर तिचे आणि बाबांचे नाव एकाच ओळीत आहे. तिने चष्मा लावून एकेक अक्षर मोठ्याने वाचले आणि मी ते टंकित केले. त्यानंतर बाबांनी पडद्यावरचे पुन्हा वाचून पासपोर्टशी ताडून पाहिले. पाच जणांना त्यात पाऊण तास गेला, आणि तो सत्कारणी लागला असे मी म्हणेन.

वार ठरवताना पॅरिसकडूनही पाहावे लागते. लूव्र संग्रहालय मंगळवारी बंद असते आणि ओर्से संग्रहालय सोमवारी. आयफेल मनोऱ्यावर लिफ्टने जाण्याची तिकिटे ६० दिवस आधी खुली होतात आणि उन्हाळ्यात चांगल्या वेळा लवकर संपतात, म्हणून रेल्वेचे तिकीट निदान तोवर हातात असलेले बरे. जूनमधल्या प्रवासासाठी एप्रिलच्या शेवटी, म्हणजे सुमारे सात आठवडे आधी आम्ही बसलो तेव्हा बुधवारच्या गाड्यांना अजून वाजवी भाडे होते आणि मनोऱ्याच्या दुपारच्या वेळाही शिल्लक होत्या. सहा ते दहा आठवड्यांच्या दरम्यान तिकीट काढावे असे मी आता सांगते. त्याहून फार आधी काढल्याने उन्हाळा, नाताळ किंवा शाळांच्या सुट्ट्या सोडल्या तर विशेष लाभ होत नाही, आणि चार आठवड्यांच्या आत आले की शनिवार-रविवार साधारण कुटुंबाच्या आवाक्याबाहेर जातात.

यानंतरचा प्रश्न गाडीच्या वेळेचा. सर्वांत स्वस्त भाडे अनेकदा पहाटे सहाच्या सुमाराच्या पहिल्या गाडीला असते, आणि एका दिवसाच्या सहलीला तीच गाडी आदर्श वाटते, कारण पॅरिसचे घड्याळ लंडनच्या एक तास पुढे असल्यामुळे सव्वादोन-अडीच तासांच्या प्रवासानंतर तेथे साडेनवाच्या आत पोहोचता येते. पण लंडनच्या ज्या सेंट पॅन्क्रस स्थानकावरून ही गाडी सुटते तेथे सुरक्षा तपासणी आणि ब्रिटन सोडण्याची व फ्रान्समध्ये शिरण्याची तपासणी हे सगळे गाडीत बसण्याआधीच उरकते, प्रवेशद्वार गाडी सुटण्याच्या ३० मिनिटे आधी बंद होते, आणि सव्वा ते दीड तास आधी या असे सांगितले जाते. म्हणजे पहाटे पाचच्या आत हजर राहायचे. आम्ही पश्चिम लंडनमधल्या हौन्स्लोला राहतो. शनिवार-रविवारची पहाट सोडली तर पिकॅडिली मार्गाची पहिली भुयारी गाडी त्या वेळेला सेंट पॅन्क्रसला लागून असलेल्या किंग्ज क्रॉसला पोहोचवत नाही, टॅक्सी करावी लागते, आणि पाच जणांच्या टॅक्सीचे भाडे धरले की स्वस्त तिकिटाचा फायदा आटतो. शुक्रवारी आणि शनिवारी रात्रभर पिकॅडिलीची गाडी चालू असते, त्यामुळे शनिवारी पहाटे टॅक्सीशिवाय जाता येते. पण शनिवारचे युरोस्टारचे भाडेच चढे! मी दोन्ही हिशेब कागदावर मांडले तेव्हा बुधवारी आठच्या सुमाराची गाडी आणि घरून साडेपाचला भुयारी गाडी, हे जुळवणे सर्वांत स्वस्त पडले. पहाटेच्या गाडीपेक्षा आमचे पॅरिसमधले दोन तास त्यात कमी झाले, ही किंमत मोजली. घराजवळून मध्यरात्रीनंतरही स्थानकापर्यंत बस मिळत असेल, तर मात्र पहिली गाडीच घ्यावी.

परतीचे तिकीट काढताना मी सर्वांत शेवटची गाडी मुद्दाम घेतली नाही. ती पॅरिसहून रात्री नऊच्या सुमाराला सुटते, आणि ती चुकली तर रात्र तेथेच काढावी लागते. त्यात आई-बाबांची औषधे आणि मुलीची शाळा. आठच्या सुमाराची गाडी घेतली की मागे एक गाडी राहते. पॅरिसच्या गार द्यू नोर स्थानकावरही दोन्ही देशांची तपासणी असल्यामुळे पावणेसातपर्यंत तेथे पोहोचावे लागते, हे दिवसाचा आराखडा आखताना विसरू नये.

आता गाडीविषयी. सोळा डब्यांची, सुमारे ४०० मीटर लांबीची ही गाडी फलाटावर उभी राहिली की तिचे दुसरे टोक दिसत नाही, म्हणून तिकिटावरचा डबा क्रमांक पाहून लवकर चालायला लागावे. लवकर तिकीट काढल्याचा एक फायदा असा झाला की समोरासमोरच्या चार आसनांचे टेबल आम्हाला मिळाले आणि पाचवे आसन त्याच रांगेत. सेंट पॅन्क्रसला फ्रेंच अधिकाऱ्याने बाबांच्या पासपोर्टवर शिक्का मारला, त्याच्या कोपऱ्यात आगगाडीचे बारीकसे चित्र आहे. गाडीत बसल्यावर बाबांनी तो शिक्का आधी आईला आणि मग नातीला दाखवला. आजवर त्यांच्याकडे फक्त विमानाचे चित्र असलेले शिक्के होते. केंटमधून गाडी ताशी ३०० किलोमीटरपर्यंत वेग घेते, पण टेबलावरचे पाणी हिंदकळत नाही. ६ मे १९९४ रोजी उद्घाटन झालेल्या बोगद्याची लांबी ५०.४५ किलोमीटर आहे आणि त्यातले सुमारे ३८ किलोमीटर समुद्राखाली आहेत. मुलगी मासे दिसतील म्हणून काचेला नाक लावून बसली होती. वीस मिनिटे काळोख आणि मग एकदम फ्रान्सची हिरवी शेते. खाण्याचे पदार्थ बरोबर नेता येतात, परंतु ब्रिटनमधून युरोपीय संघात दुग्धजन्य आणि मांसाचे पदार्थ नेण्यास मनाई आहे. म्हणून आईने धपाटे केले, त्याबरोबरचे दही मात्र घरी ठेवले.

पॅरिसमध्ये आम्ही नोत्र दाम, नदीकाठ आणि आयफेल मनोरा एवढेच केले. सात तासांत वृद्धांना घेऊन याहून जास्त करू नये असे माझे मत आहे. एक गोष्ट मात्र आम्ही आधी लक्षात घ्यायला हवी होती. आईला मनोऱ्यावरचे दिवे पाहायचे होते. जूनमध्ये पॅरिसला सूर्यास्तच रात्री दहाच्या सुमाराला होतो, आणि तोवर लंडनची शेवटची गाडी निघून गेलेली असते. ज्यांना एका दिवसात जाऊन दिवे पाहायचे आहेत त्यांनी नोव्हेंबर ते जानेवारीतले तिकीट काढावे, तेव्हा पाच-साडेपाचला अंधार पडतो. नाताळाच्या आसपासचे दिवस वगळले, तर त्या महिन्यांत भाडेही उतरलेले असते.

‘स्नॅप’ या नावाने युरोस्टार जी सवलतीची तिकिटे विकते त्यांविषयी मला अनेकांनी विचारले. त्यात आपण दिवस आणि सकाळ किंवा दुपार एवढेच निवडायचे, नेमकी गाडी कोणती हे प्रवासाच्या ४८ तास आधी कळते. चार दिवस राहायला जाणाऱ्या तरुण मंडळींना ती जरूर घ्यावीत. एका दिवसाच्या सहलीत मात्र ‘सकाळ’ म्हणजे अकराची गाडी निघाली, तर दिवसाचा निम्मा भाग रुळांवरच जाईल, आणि मनोऱ्याची वेळ आधी राखून ठेवता येणार नाही.

प्रत्येक परदेशवारीला एवढा खटाटोप लागतो असे नाही. व्हिएन्नाहून ब्रातिस्लाव्हाला आम्ही एकदा असेच दिवसभरासाठी गेलो होतो. तेथे साध्या प्रादेशिक गाड्या सुमारे तासाभरात पोहोचवतात, भाडे ठरलेले असते आणि दोन्ही देश शेंगेनमध्ये असल्याने स्थानकावर तपासणीची रांग नसते. हवा कशी आहे ते सकाळी खिडकीतून पाहावे आणि स्थानकावरच्या यंत्रातून तिकीट काढावे. आठवडाभर आधी काढून काहीच मिळत नाही. कोपनहेगन ते माल्मो या प्रवासाचेही तसेच. आगाऊ तिकिटाचा विचार करावा तो भाडे चढत जाणाऱ्या, आसन राखीव असलेल्या जलद गाड्यांसाठी.

आणखी एक सूचना कळकळीने करते. पालकांच्या मुंबईच्या विमानाच्या आदल्या दिवसाचे तिकीट काढू नका, ते कितीही स्वस्त मिळत असले तरी. ७ मार्च २०२५ रोजी पॅरिसच्या उत्तरेला रुळांजवळ दुसऱ्या महायुद्धातला न फुटलेला बॉम्ब सापडला आणि त्या दिवशी लंडन-पॅरिस गाड्या रद्द झाल्या. असे क्वचित होते, परंतु या मार्गावर बोगदा एकच आहे. परतीच्या विमानाआधी निदान चार-पाच दिवस मोकळे असू द्यावेत. शिवाय १२ ऑक्टोबर २०२५ पासून युरोपच्या सीमेवर शिक्क्यांऐवजी छायाचित्रासह संगणकीय नोंदणीची पद्धत टप्प्याटप्प्याने सुरू झाली आहे, त्यामुळे स्थानकावर पोहोचायची वेळ धरताना पहिल्या खेपेला थोडा अधिक अवकाश ठेवावा.

आता पुढच्या नोव्हेंबरमध्ये सासूबाई सांगलीहून येणार आहेत. त्यांच्या शेंगेन व्हिसाचा अर्ज ऑगस्टमध्ये मुंबईतून करायचा, तो आला की त्याच संध्याकाळी महिन्याच्या मधल्या एखाद्या बुधवारची तिकिटे काढायची, आणि परतीला या वेळीही आठचीच गाडी घ्यायची असे ठरले आहे. दिवे लागल्यावर मनोऱ्याखाली उभे राहायला त्यांना अर्धा-पाऊण तास मिळेल. आईने त्यांना फोन करून तेवढ्या वेळाचे छायाचित्र आठवणीने पाठवायला सांगितले आहे.